रंगारी आळीतली न संपलेली दवंडी

फार वर्षांपूर्वी, धामणसरला अजून रेल्वे आली नव्हती आणि काळोली नदीवर पूल नव्हता, तेव्हा या गावात सटवाजी नावाचा दवंडीवाला होता. उंच, काटकुळा, खांद्याला हलगी लावलेली. त्याच्या घराण्यात सात पिढ्या दवंडीचं काम चालत आलं होतं. तो हलगीवर काडी मारायचा तेव्हा वेशीवरची गुरं मान वळवून बघायची, असं म्हणतात.

त्या काळी धामणसरला नुकतीच नगरपालिका झाली होती. चांगली झाली होती, हेही सांगायला हवं. चौकाचौकात खांबावर दिवे आले, पेठेत दगडी गटारं बांधली गेली, दवाखाना आला, मुलींची शाळा आली. जे झालं ते झालं, कुणी नाकारत नाही. पण प्रत्येक ठरावाची दवंडी अकरा चौकांत फिरली पाहिजे असा नियम होता. शेवटच्या चौकातली दवंडी संपली की तिथून पंधरा दिवस मोजायचे. तेवढ्यात कुणाची हरकत आली तर ऐकायची. नाही आली तर ठराव पक्का. आणि दवंडी संपली असं केव्हा धरायचं, तर दवंडीवाल्यानं शेवटची तीन टिपरी, म्हणजे काडीचे तीन ठोके, मारून हलगी खाली घेतली म्हणजे. मग सोबतचा कारकून वहीत वेळ लिहायचा. लिहिलं की झालं.

नियम असा साधा होता. तो कसा वाकवायचा, हे मात्र नगरपालिकेला वर्षभरातच कळलं.

आधी मेंढवाडीच्या गायरानावर नगरपालिकेची नजर गेली. ठराव झाला आणि सटवाजीला सांगितलं, पौषात दवंडी दे. पौषात मेंढवाडीतले धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेले असतात. वाडीत तीन म्हाताऱ्या आणि कुत्री. सटवाजीनं हुकुमाप्रमाणं दवंडी दिली. पंधरा दिवस गेले, हरकत नाही, गायरानाला कुंपण घातलं गेलं. चैत्रात धनगर परतले. त्यांच्यातला एक म्हातारा सटवाजीच्या दारात आला. तो भांडला नाही, ओरडला नाही. काठीवर हनुवटी टेकून एवढंच म्हणाला, "सटवाजी, तू सांगितलंस म्हणतात. कुणाला सांगितलंस?"

त्या दिवसापासून सटवाजी भाकरी अर्धी टाकून उठायचा, असं म्हणतात.

पुढं तीन वर्षांनी मोठा आराखडा आला.

नगराध्यक्ष होते अण्णासाहेब वाघोळकर. माणूस हुशार, कामाचा. आगगाडीचं स्टेशन नदीपलीकडं होणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्यांनी नकाशा काढवला. बारा हजारांचं गाव, पण नकाशा लाख माणसांचा. पूल, पुलापासून सरळ साठ फुटी रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी पेठ, मधोमध घड्याळाचा मनोरा. बघणाऱ्याचे डोळे दिपावेत असा तो नकाशा. त्यात एकच अडचण होती. जिथं नवी पेठ काढली होती तिथं रंगारी आळी होती. ब्याण्णव घरं.

रंगाऱ्यांना नदीकाठच हवा. त्यांच्या परसात निळीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. काही रांजण दीडशे वर्षं तिथंच होते. रांजण उकरला की नीळ मरते आणि मेलेली नीळ पुन्हा धरत नाही, हे रंगाऱ्याचं तान्हं पोरही जाणतं. म्हणजे आळी उठली तर घरं तर जाणारच, पण धंदाही कायमचा जाणार. नकाशात त्या जागी लिहिलं होतं, 'मोकळी जमीन'.

त्या आठवड्याच्या गुरुवारपासून बरोबर पंधरा दिवसांनी जिल्ह्याचे साहेब कोनशिला बसवायला येणार होते. अण्णासाहेबांनी सटवाजीला बोलावलं.

"दहा चौक झाले. आता रंगारी आळी राहिली. गुरुवारी दुपारी जा."

सटवाजी म्हणाला, "गुरुवारी आळी रिकामी असते मालक. सगळे खडकीच्या बाजाराला जातात. शनिवारी सकाळी परततात."

"मला ठाऊक आहे."

"मग सोमवारी देतो की."

"गुरुवारी," अण्णासाहेब म्हणाले. "आणि हलगी जरा हळू. उगाच कालवा नको. हे बघ सटवाजी, मी कुणाचं वाईट करत नाही. गाव पुढं न्यायचंय."

"न्या की मालक. कोण नको म्हणतंय."

तो एवढंच बोलला आणि मुजरा करून निघाला.

गुरुवारी दुपारी तो आळीत गेला. सोबत टिळेकर कारकून, बगलेत वही. ऊन असं की काठीवर वाळत घातलेली कापडाची थानं हलत नव्हती. दारं बंद, चुली गार. सगळ्या आळीत एकच माणूस, बायजाक्का. पाय गेलेले म्हणून ती बाजाराला जात नसे, उंबऱ्यावर बसून राही. ती म्हणाली, "काय रे सटवाजी, भिंतींना कथा सांगायला आलास होय?"

कारकून खूश झाला. म्हणाला, "ही आहे ना. ऐकणारं एक माणूस पुरे. चल, वाजव."

बायजाक्कानं दोघांकडं नीट बघितलं. ताटलीवर वाटाणा पडला तरी तिला तीन घरं पलीकडून ऐकू यायचं. ती कानामागं हात धरून म्हणाली, "काय म्हणता? जेवण झालंय माझं."

"आजी, ठराव ऐका, ठराव."

"हो, भरीतच केलं होतं."

कारकुनानं कपाळाला हात लावला. सटवाजी हसला नाही. त्यानं बायजाक्काच्या चुलीवर हलगी शेकली, कातडं ताणून घेतलं, आळीच्या मधोमध उभा राहिला आणि वाजवायला लागला.

हळू नाही. असेल नसेल तेवढ्या जोरानं.

घटका झाली. कारकून म्हणाला, "बस कर आता. ठराव वाच आणि आटप."

"आटपतोच रावसाहेब. माणसं जमू द्या."

"माणसं खडकीला आहेत."

"मग येतील की."

तेव्हा कुठं कारकुनाच्या ध्यानात आलं. हा शेवटची तीन टिपरी मारणार नाही. आणि ती पडत नाहीत तोवर दवंडी संपत नाही, वहीत वेळ लिहिता येत नाही, पंधरा दिवस सुरू होत नाहीत. आज लिहिलं नाही तर साहेब येतील त्या दिवशी मुदत शिल्लक असेल. कारकून घाबरला आणि कचेरीकडं पळाला.

दिवस कलला. सटवाजी वाजवतच होता. अण्णासाहेब स्वतः आले, मागं कारकून आणि एक शिपाई. त्यांनी आधी समजावलं, मग धमकावलं, मग म्हणाले की तुझं वतन काढून घेईन. सटवाजीनं मान हलवली, हात थांबवला नाही. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. काड्या रक्तानं निसटत होत्या, म्हणून बायजाक्कानं लुगड्याच्या चिंध्या फाडून त्या त्याच्या मुठीला बांधल्या. बांधताना ती म्हणाली, "तुझी आई मोठी शहाणी होती. तू कुणावर गेलास कळत नाही." सटवाजी पहिल्यांदा हसला.

रात्र गेली, सकाळ झाली, तो उभाच. कातडं सैल पडलं की बायजाक्का उंबऱ्यावरून सरपटत येऊन त्याच्या पायाशी गवत पेटवायची आणि तो वाजवता वाजवता हलगी धगीवर धरायचा. पाणी तिनंच पाजलं. गावातली माणसं आळीच्या तोंडाशी जमली होती. पण आत कुणी येत नव्हतं, कारण नगरपालिकेचं नाव घेतलं की त्या काळीही माणसं आधी आपलं घर आठवत.

आता खडकी तिथून पाच कोस. पाच कोसांवर हलगी ऐकू जात नाही, हे कुणीही सांगेल. पण असं म्हणतात की त्या सकाळी खडकीच्या बाजारात रंगाऱ्यांची थानं हातात धरवेनात. कापड थरथरायला लागलं, ठेक्यात. हैबत रंगारी आळीचा म्हाताऱ्यांतला म्हातारा. त्यानं एका थानाला कान लावला. लोक हसले. गिऱ्हाइकानं विचारलं, "काय म्हणतंय लुगडं? माहेरी जाते म्हणतंय का?" हैबत हसला नाही. म्हणाला, "ही सटवाजीची हलगी. आणि ती आपल्या आळीत वाजतेय. गाड्या जुंपा." बाजार अर्धा टाकून ब्याण्णव घरं निघाली.

इकडं दुपार झाली. अण्णासाहेबांचा धीर सुटला. त्यांनी शिपायाला हुकूम केला. शिपाई पुढं झाला, त्यानं हलगी हिसकली आणि कातड्यातून काठी आरपार घातली. सटवाजी गुडघ्यावर बसला. अण्णासाहेब कारकुनाला म्हणाले, "लिही. दवंडी संपली."

कारकुनानं वही उघडली, टाक बुडवला आणि तसाच थांबला.

"लिही म्हणतो ना."

"अण्णासाहेब," कारकून म्हणाला, "वाजतंय अजून. संपली असं कसं लिहू?"

आणि वाजत होतं. हलगी धुळीत पडली होती, फाटलेली. सटवाजीचे हात मांडीवर होते. पण आवाज येत होता. शिपायानं परसात डोकावून बघितलं. निळीच्या रांजणांतून येत होता तो आवाज, जमिनीखालून. एका दिवसाचा आणि एका रात्रीचा ठेका त्या रांजणांनी पिऊन ठेवला होता आणि आता ते तो परत देत होते. निळ्या पाण्यावर गोल लाटा उठत होत्या. ब्याण्णव परसांतले रांजण, एका ठेक्यात. पायाखालची माती धडधडत होती. शिपायानं टोपी काढून हातात घेतली, असं म्हणतात.

उन्हं उतरायच्या आत गाड्या आल्या. बैलांच्या तोंडाला फेस. बायका पोरांना कडेवर घेऊन उड्या टाकत उतरल्या. आळी भरली. हैबतनं सटवाजीला उठवून उभं केलं. रांजण गप्प झाले. कुणीतरी फाटकी हलगी त्याच्या हातात दिली.

सटवाजीनं सगळ्यांकडं बघितलं आणि घसा फुटेस्तोवर ठराव वाचला. पूल, साठ फुटी रस्ता, घड्याळ, सगळं. मग जिथं नकाशात 'मोकळी जमीन' लिहिलं होतं तिथं तो थांबला आणि त्यानं घरं मोजली. घरागणिक नाव घेतलं. ब्याण्णव नावं. त्यानंतर फाटक्या कातड्यावर तीन टिपरी मारली. टिळेकर कारकुनानं वेळ लिहिली.

पंधरा दिवसांत ब्याण्णव हरकती गेल्या. आळीत लिहिता येणारं कुणी नव्हतं. त्या सगळ्या हरकतींचं अक्षर एकच होतं, आणि ते टिळेकरांचं होतं. त्यांची नोकरी गेली. मग ते रंगाऱ्यांच्याच पोरांना शिकवत राहिले.

साहेब आले तेव्हा कोनशिलेच्या जागी ब्याण्णव घरं उभी होती. साहेबांनी नकाशा बघितला, आळी बघितली आणि विचारलं, यातली मोकळी जमीन कुठली? अण्णासाहेबांना बोट दाखवायला जागा सापडली नाही. पूल दोनशे हात वर सरकला. नवी पेठ खडकाळ माळावर गेली, जिथं कुणी राहत नव्हतं. दगड फोडायला दोन वर्षं जास्त लागली, एवढंच. आज ती पेठ, ते स्टेशन, तो मनोरा सगळं तिथं आहे आणि गावाचं शहर झालं आहे. माणसं न उठवता शहर वाढत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

सटवाजीची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. तो चैत्रात एकदा मेंढवाडीला गेला आणि त्या म्हाताऱ्या धनगरापुढं बसून राहिला. काय बोलणं झालं कुणाला ठाऊक नाही. म्हाताऱ्यानं त्याला दूध दिलं, इतकं म्हणतात. पुढं तो कधी गेला, कुठं गेला, यावर गावात चार मतं आहेत आणि चारही मतांची माणसं भांडतात.

नगरपालिकेनं आपल्या प्रगतीची जाडजूड स्मरणिका काढली आहे. तीत सगळ्या अध्यक्षांचे फोटो आहेत, कोनशिलांचे आहेत, फीत कापणाऱ्या कात्रीचासुद्धा आहे. सटवाजीचं नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठं नाही.

पण रंगारी आळीनं एक रीत सोडलेली नाही. आता आराखडे पंचवीस वर्षांचे येतात. वळणरस्ता, मैलापाणी प्रकल्प, माळापलीकडं नवी वसाहत. फलकावर लागतात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापतात, संगणकावर चढवतात, आणि दर वेळी नेमके सुट्ट्यांच्या तोंडावर. तरी मुख्याधिकाऱ्याला एक दिवस आळीत यावंच लागतं. सटवाजीच्या नावाची हलगी शेकली जाते. दवंडीवाला एकेका घराचं नाव पुकारतो आणि ते घर 'आहे' म्हणतं. सगळी घरं होईपर्यंत शेवटची टिपरी पडत नाहीत.

गेल्या वर्षी सत्तेचाळिसाव्या घराशी अडलं. दारातली बाई म्हणाली, "थोरला पुण्याला आहे. जागा त्याच्या नावावर. फोन लागत नाही त्याचा."

"लागू द्या काकू," दवंडीवाला म्हणाला. "मी वाजवतो तोवर."

मुख्याधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. हलगी चालूच होती. शेवटी आळीतल्या कुणीतरी घरातून खुर्ची आणली आणि त्यांना बसायला दिली.