शांत चौकातली घंटा

एकदा एका वृद्ध आचार्यांना त्यांचा शिष्य आपले शहर दाखवायला घेऊन आला. शहर मोठे, पुरातन, एके काळची राजधानी. शिष्य तेथल्या वस्तुसंग्रहालयात नोकरीला होता, आणि त्याच दुपारी नगराध्यक्ष आपल्या घरच्या भोजनात त्याला संग्रहालयाचा प्रमुख म्हणून जाहीर करणार होते. तो क्षण गुरूंनी पाहावा, एवढीच त्याची इच्छा होती. त्यात गैर काही नव्हते.

सकाळी त्याने आचार्यांना दालनात नेले. मधोमध, दोरीच्या कुंपणात, पितळेची एक भलीमोठी घंटा टांगली होती.

"आचार्य, ही न्यायघंटा. पूर्वी समोरच्या चौकात असे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ती वाजवावी, आणि राजा जेवत असला तरी त्याने ताटावरून उठून, उष्ट्या हाताने, चौकात यावे, असा या नगराचा दंडक होता. हात धुण्याइतकासुद्धा विलंब लावायचा नाही!"

"आणि लोलकाला ही मखमल कशाला गुंडाळली?"

"ती माझीच कल्पना," शिष्य खुलून म्हणाला. "येणारेजाणारे उगाच वाजवतात. काचांना हादरे बसतात."

दोघे चौकात आले. फरसबंदी स्वच्छ, झाडांच्या सावल्या गर्द, आणि खांबावर पाटी: 'येथे शांतता राखावी.' शिष्याला त्या चौकाचा फार अभिमान. घंटेचा जुना ओटा मात्र रिकामा होता, आणि त्यावर एक बाई पालथी घागर शेजारी ठेवून बसली होती.

"ही कोण रे?"

"असेल कोणी. रोज येऊन बसते. पण शांतता पाहिलीत का? एवढ्या मोठ्या शहरात असा चौक सापडणार नाही!"

आता जो माणूस रोज दिसतो, तो कोण हे ज्याला विचारावेसे वाटत नाही, त्याने इतिहासाचे दालन सांभाळावे! ऐकणाऱ्याला राग यावा अशीच ही गोष्ट आहे, आणि तो आलेला बरा.

नगराध्यक्षांचा वाडा चौकाला लागूनच होता. पंगत बसली. शहरातले मानकरी होते, श्रीखंड होते. नगराध्यक्ष शिष्याची स्तुती करू लागले, आता नेमणूक जाहीर करणार, तोच आचार्य पानावरून उठले. हाताला वरणभात तसाच. हात न धुता, यजमानांचा निरोप न घेता ते सरळ दाराबाहेर चालते झाले.

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो मागोमाग धावला, तर आचार्य ओट्यावर त्या बाईशेजारी बसून तिची विचारपूस करत होते.

"आचार्य, आपण माझा घात केलात! भरल्या पानावरून उठणे म्हणजे यजमानाचा केवढा अपमान! झाले तरी काय?"

"घंटा वाजली," आचार्य म्हणाले. "सकाळपासून वाजते आहे. सगुणाबाई, यालाही सांगा."

बाईने शिष्याकडे पाहिले. "काय सांगू, साहेब? आमच्या गल्लीचा आड या वाड्यातल्या अध्यक्षांच्या मेव्हण्यानं कुंपणात घेतला. गल्लीभर पाण्याचा थेंब नाही. कचेरीत गेले तर म्हणाले, अर्ज पोचला, घरी जा. इथं येऊन ओरडले, तर शिपायानं ती पाटी दाखवली. म्हणून गप बसते. आजीनं सांगितलं होतं, या ओट्याशी आलं की राजा येतो."

शिष्याची मान खाली गेली. आचार्यांचा स्वर मात्र चढला.

"ज्याचे काम संपले, ते संग्रहालयात ठेवावे. मोडकी ढाल ठेवा, गंजलेली तोफ ठेवा. या घंटेचे काम कुठे संपले होते? तुम्ही ती उचललीत, तिची जीभ मखमलीत बांधलीत आणि वर राजाच्या उष्ट्या हाताची थोरवी सांगता! या बाईला तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि त्या मुकेपणाला तू शांतता म्हणून पाहुण्यांना दाखवतोस?"

तेवढ्यात वाड्यातून नोकर आला. "साहेब, आत चला. अध्यक्ष थांबलेत. आत्ता आलात तर अजून काही बिघडलं नाही, म्हणतात."

शिष्याने वाड्याच्या दाराकडे पाहिले. मग तो सगुणाबाईंकडे वळला. "बाई, घंटा संग्रहालयात आहे. चला."

त्याने दोरी बाजूला सारली, लोलकाची मखमल ओरबाडून काढली आणि स्वतः मागे सरला. सगुणाबाईंनी दोन्ही हातांनी लोलक धरला. पहिल्याच टोल्याला काचा थरथरल्या. एकही फुटली नाही.

नगराध्यक्ष आले. हात धुऊन, रुमालाला पुसत, कपाळाला आठ्या घालून आले, पण आले. चौकातल्या घरांच्या खिडक्याही उघडल्या होत्या, त्यामुळे त्यांना सगुणाबाईंचे सगळे ऐकून घेणे भाग पडले.

शिष्याचे प्रमुखपद अर्थातच हुकले. परतीच्या वाटेवर त्याने ती मखमल खिशातून काढली आणि आचार्यांपुढे धरली. आचार्यांनी वरणभात सुकलेला आपला हात पुढे केला आणि तो त्या मखमलीनेच पुसायला सांगितले.

एखाद्या गावचा चौक फारच शांत दिसला, तर त्याचे कौतुक जरा थांबून करावे. तिथली घंटा कुठे नेऊन ठेवली आहे, ते आधी विचारावे.