मोडलेला कूड

फार जुन्या काळची गोष्ट. मुलांनी तर ती ऐकावीच, पण मोठ्यांनीही जरा कान द्यावा, कारण हिच्यात त्यांचीही थोडी हजेरी घेतलेली आहे.

एका डोंगराळ राज्यात एक खोरं होतं. त्या खोऱ्यात पानमळेच पानमळे. तिथलं विड्याचं पान इतकं कोवळं, की जिभेवर ठेवताच विरघळावं. बारसं असो, लग्न असो, की दोन भावांचा तंटा मिटवायचा असो, खोऱ्यातलं पान आल्याशिवाय बैठक पुरी होत नसे.

पण पानवेल मोठी नाजूक. वारा लागला की रुसते, ऊन लागलं की कोमेजते. म्हणून प्रत्येक मळ्याभोवती कारवीच्या काठ्यांचा उंच कूड असे आणि त्याला एकच लहानसं दार. बाहेरून आतलं काही दिसत नसे. डोंगरातून एक पाट निघे. तो आधी सिदूतात्यांच्या मळ्यात शिरे, कारण त्यांचा मळा सगळ्यांच्या वर होता. तिथून तो खालच्या मळ्यात जाई, तिथून आणखी खालच्या. मळे पुष्कळ होते, पाणी मात्र एकच.

या खोऱ्यात एक नियम होता. तो कसा झाला, तेही सांगते.

पूर्वी राजाचे शिपाई ‘रोग पाहतो’ म्हणत हव्या त्या मळ्यात घुसत. रोग कधी सापडला नाही, पण परत जाताना शिपायांच्या डोक्यावर पानांच्या टोपल्या असत. शेवटी खोऱ्यातल्या बायका तुडवलेल्या वेली पदरात घेऊन राजवाड्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या आणि नियम झाल्याशिवाय उठल्या नाहीत.

नियम असा झाला. मळ्यात जायचं तर आधी दार वाजवायचं. कोण आलं, कशासाठी आलं ते सांगायचं. मालक हो म्हणाला तर आत जायचं. नाही म्हणाला, तर न्यायशास्त्र्यांकडे जाऊन काय पाहिलं ते शपथेवर सांगायचं. त्यांना पटलं तर ते तांब्याची मुद्रा देत. कुणाचा मळा, काय शोधायचं आणि कधीपर्यंत, एवढं मुद्रेवर कोरलेलं असे. त्यापलीकडे एक पानही खुडायची मुभा नसे.

या खोऱ्याची वेलपारखी होती राही. वेलींचा रोग ओळखायचा आणि तो पसरू द्यायचा नाही, हे तिचं काम. ती दूरच्या विद्यापीठात शिकून आली होती. चालायची अशी, की पायाखाली निखारे असावेत. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर तयार.

पारावरचे म्हातारे म्हणत, “पोरगी आहे की वावटळ?”

राही म्हणे, “तुम्ही बसा निवांत. कुणीतरी चालायला हवंच ना!”

त्या साली खोऱ्यात ‘मर’ शिरली. हा रोग वेलीच्या बुडाशी लागतो. बूड सडतं, पानं पिवळी पडतात आणि हिरवीगार वेल बघता बघता माना टाकते. ओली माती आणि वाहतं पाणी ही त्याची घोडी. उपाय एकच. रोगट वेली उपटून जाळायच्या आणि पाणी पुढे जाऊ द्यायचं नाही. त्या बदल्यात राजाच्या कोठारातून नवं बेणं मिळे.

पहिला रोग दिसला मधल्या एका मळ्यात. तिथल्या मालकीणबाईंनी राहीची हाक ऐकताच दार उघडलं. “ये बाई, बघ. लपवून का रोग बरा होतो?” राहीनं पाहिलं, तर पाणी जिथून आत येत होतं तिथल्याच वेली आधी सडल्या होत्या. म्हणजे रोग पाण्यासोबत वरून आला होता. आणि वर होता सिदूतात्यांचा मळा.

उद्या पहाटे पाटाला पाणी सुटायचं होतं. ते तात्यांच्या मळ्यातून सगळ्या खोऱ्यात फिरणार होतं आणि शेवटी पोचणार होतं सगळ्यांत खालच्या मळ्यात. तो मळा तिच्या आईचा होता. राहीचे वडील गेल्यावर आईनं तो एकटीनं उभा केला होता. त्याच पानांवर राही शिकली होती.

ती धावतच तात्यांच्या दाराशी गेली. दाराजवळ कूड जरा सैल झाला होता, त्या फटीतून तिला पिवळी पानं दिसली.

“तात्या, दार उघडा! मळा बघायचाय!”

आतून आवाज आला, “मुद्रा आणलीस?”

“मुद्रा कशाला? पिवळी पानं मला इथूनच दिसताहेत.”

“इथूनच दिसताहेत ना? मग आत कशाला यायचंय?”

“तात्या, तुमच्या हट्टापायी सगळं खोरं मरेल!”

“आणि तुझ्या घाईपायी माझा मळा जळेल. नियमानं ये पोरी, मी नाही अडवणार.”

राही पाय आपटत न्यायशास्त्र्यांकडे गेली.

शास्त्रीबुवा नुकतेच जेवून उठले होते. तोंडात विडा होता. खोऱ्याची रीत अशी, की तोंडात विडा असताना न्यायाचा शब्द काढायचा नाही. शास्त्रीबुवा डोळे मिटून विडा चघळत होते. राही समोर येरझाऱ्या घालत होती. तिला वाटलं, हा विडा आहे की सुपारीचं झाड!

अखेर विडा संपला. शास्त्रीबुवांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं, “कुणाचा मळा? काय पाहिलंस? कुठून पाहिलंस?”

राहीनं सगळं सांगितलं. शपथही घेतली. शास्त्रीबुवांनी मान डोलावली. “कारण पुरेसं आहे. मुद्रा मिळेल.”

राहीनं हात पुढे केला.

“उद्या दुपारी ये.”

“उद्या? उद्या पहाटे पाणी सुटतंय!”

“आज अमावास्या आहे बाळ. अमावास्येला मुद्रा कोरत नाहीत.”

“असं कुठल्या नियमात लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. आमच्या वडिलांपासून चालत आलंय.”

“शास्त्रीबुवा, रोगाला अमावास्या कळत नाही!”

“त्याला कळत नाही, पण आपल्याला कळते ना?” असं म्हणून शास्त्रीबुवांनी दुसरा विडा उचलला.

राही बाहेर पडली. डोकं तापलं होतं. ज्यांना घाई कळत नाही, त्यांच्या हातात वेळ कुणी दिला, असं तिला झालं. आणि मुद्रा तर मिळणारच आहे, आज काय नि उद्या काय, असंही मनात आलं. गोष्टीतलं पहिलं पाऊल इथंच घसरलं.

तोवर सिदूतात्या पानं घेऊन बाजाराला गेले होते. राहीनं मागच्या बाजूनं कूड मोडला आणि ती आत शिरली.

रोग होता. दोन ओळी बुडापासून सडल्या होत्या. राहीचा अंदाज तसूभरही चुकला नव्हता. तिनं त्या वेली उपटल्या, ढीग केला आणि पेटवून दिला.

धूर पाहून तात्या धावत आले. राही काळवंडलेल्या हातांनी उभी होती. ती म्हणाली, “होता की नाही रोग? सांगा आता!”

तात्यांनी ढिगाकडे पाहिलंच नाही. ते मोडलेल्या कुडाकडे बघत राहिले.

“रोग होता,” ते म्हणाले. “मला ठाऊक होतं. मळा जाईल म्हणून भ्यालो, म्हणून दार लावून बसलो. माझं चुकलंच. पण मुद्रा आली असती तर मी दार उघडलं असतं. आता मला सांग, पाणीच थांबवायचं होतं ना? पाट तर राजाचा आहे. पाटाच्या तोंडाशी फळी टाकायला तुला कुणाची मुद्रा लागत होती?”

वेलपारख्यानं सांगितलं की एका दिवसापुरतं पाणी थांबत असे, हे राहीला पाठ होतं. तापलेल्या डोक्यात ते आलंच नाही.

त्याच संध्याकाळी तिनं पाटावर फळी टाकली. पण रोग आधीच्या पाण्यासोबत केव्हाच खाली उतरला होता. आता मळ्यामळ्यांत जाऊन तो शोधायला हवा होता.

राही दारं वाजवत निघाली.

पहिल्या दारातून आवाज आला, “कोण, कूड मोडणारी का? नको बाई.”

दुसऱ्या दारावर आतून अडसर पडला.

तिसऱ्या मळ्यातला माणूस कुडावरून डोकावून म्हणाला, “समोरून कशाला आलात वेलपारखीबाई? मागून या की, तुम्हाला सवय आहे!” आणि आतली माणसं खो खो हसली.

ज्या मालकीणबाईंनी हाकेसरशी दार उघडलं होतं, त्यांनीही आता मान हलवली. “मी तुला आत बोलावलं होतं राही, तेव्हा वाटलं होतं, मी नाही म्हटलं तर तू थांबशील. आता तसं वाटत नाही.”

राही शेवटी आईच्या दाराशी आली. निदान हे दार तरी!

आई दारातच उभी होती. “ये, ओसरीवर बस. भाकरी वाढते.”

“आई, आधी मळा बघू दे.”

“मळा नाही.”

“आई! मी तुझी मुलगी आहे!”

“म्हणूनच भाकरी वाढते म्हटलं. पण वेलपारखी म्हणून आत घेणार नाही. राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायकांत माझी आई होती. तो नियम काही झाडाला लागला नव्हता, तिनं उपाशी बसून मिळवला होता. तो तू पायानं मोडलास, आणि वर म्हणतेस, रोग सापडला! शिपायांनाही एखाद वेळी सापडलाच असता.”

राहीनं भाकरी खाल्ली नाही. तिला बसवेना, उभं राहवेना. ती पाटाच्या कडेनं वर जायची, खाली यायची. कुडांआडून सडलेल्या वेलींचा वास येत होता. आत रोग आहे हे कळत होतं आणि आत जाता येत नव्हतं. ती मुद्रा मागायला गेली, तर शास्त्रीबुवा म्हणाले, “मुद्रा शपथेवर मिळते. तुझ्या शपथेला आता कोण विचारतं?”

तेव्हा राहीनं चावडीपुढं दवंडी पिटवली. सगळं खोरं जमलं. मधोमध शास्त्रीबुवा बसले.

राही म्हणाली, “मी सिदूतात्यांचा कूड मोडला. मुद्रा नव्हती. रोग सापडला म्हणून ते बरोबर ठरत नाही. जी शिक्षा द्याल ती मान्य. पण माझं बोलणं संपलेलं नाही. कूड मोडला तो माझ्या हातांनी. पण कारण पटलेलं असताना अमावास्येसाठी मुद्रा अडवली, ती कुणी? मी चुकले, तर ज्यांनी वेळेवर मुद्रा दिली नाही तेही चुकले. शिक्षा लहानांना आणि रीत मोठ्यांना, हा कुठला न्याय?”

लोकांत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, “जिभेला हाड नाही पोरीच्या!”

“नाही खरं,” सिदूतात्या उठून म्हणाले. “पण खोटं काय बोलली?”

शास्त्रीबुवांनी हातातला विडा तबकात परत ठेवला. मग म्हणाले, “कारण पटल्यावर मुद्रा अडवायची नाही. तिथीसाठी नाही, जेवणासाठी नाही, विड्यासाठी तर नाहीच. रोगाचे दिवस असेपर्यंत मी पाटाच्या तोंडाशीच बसेन. आणि राही, तात्यांचा कूड तू स्वतःच्या हातानं विणून द्यायचा. तो पुरा झाल्यावर तुझी शपथ पुन्हा ऐकीन.”

राही डोंगरात गेली. कारवी तोडली, भारे वाहून आणले आणि कूड विणायला बसली. कारवीच्या सालींनी बोटं फाटली. कूड विणताना घाई चालत नाही. घाईनं विणलेली काठी लगेच निसटते, आणि पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. तात्या पलीकडे बसून बघत. “ही सैल आहे,” ते म्हणत. राही दात ओठ खाऊन ती उसवे आणि पुन्हा विणे. लोक येता जाता पाहत होते.

कूड पुरा झाला. राहीनं शपथ घेतली, शास्त्रीबुवांनी तिथल्या तिथं मुद्रा कोरल्या. आता काही जण मुद्रा न बघताच दार उघडू लागले, काही जण मुद्रा उलटसुलट करून बघत आणि मग उघडत. राही प्रत्येक दाराशी थांबली, नाव सांगितलं, कारण सांगितलं, मालकाला सोबत घेऊनच आत गेली. वरचे मळे बरेचसे वाचले. मधले निम्मे वाचले.

सगळ्यांत शेवटी आईचं दार आलं. राहीनं मुद्रा वाचून दाखवली. आईनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

आत एकही वेल उभी नव्हती.

राहीनं पहिली वेल उपटली. दुसरं टोक आईनं धरलं. दोघींनी मिळून मळा उपटला, ढीग केला आणि जाळला. जाळ विझत आला तेव्हा आई म्हणाली, “तू आधी चुकलीस. मग रागापायी मी चुकले. वेलींनी मात्र दोघींचं भोगलं.”

पुढच्या हंगामात कोठारातून नवं बेणं आलं आणि मायलेकींनी ते लावलं. राही पुढंही तशीच भरभर चालायची, म्हाताऱ्यांशी तशीच भांडायची. दाराशी मात्र थांबायची, आणि ती थांबते हे ठाऊक असल्यामुळे तिला फार वेळ थांबावं लागत नसे.

बोध: परवानगीवाचून फोडलेलं एक दार गावातली बाकीची सगळी दारं बंद करतं, आणि हक्काची परवानगी वेळेवर न देणारा त्या पापात निम्म्याचा वाटेकरी असतो.