थरथरणारा कागद

सेक्रेटरीबाईंनी तीनदा निरोप धाडला. म्हणे, आपल्या रायफल क्लबचं पुस्तक निघतंय, उस्तादांची एक आठवण द्या. अहो, मी चौथी शिकलेला माणूस. रेंजवर नेमाचे कागद लावतो नि काढतो. नाव उस्तादांचं होणार, हात माझा दुखणार. घ्या एकदाची.

"उस्ताद, कोणती ठेवू?"

विचारणारं पोरगं शार्दूल पिसाळ, उस्तादांचा चेला. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर बंदूक टेकवून बसल्या बसल्या मारायचा हा नेम. लोकांना वाटतं, सोपंय. शंभर मीटरवर पाच गोळ्या एका भोकातून घालून दाखवा, मग बोला.

रविवारी राज्याच्या संघाची निवड होती, जागा एकच. दुकानदारानं बंदुकीवर चढवायच्या दोन दुर्बिणी त्याला बघायला दिलेल्या. मोठी छत्तीस पट मोठं दाखवणारी, छोटी बारा पट. बारा वाजता दुकानाचा माणूस येणार आणि एक परत नेणार.

उस्ताद म्हणजे सुभेदार भोईटे, पलटणीतून निवृत्त. ते बशीतून चहा पीत होते.

"तुला कोणती पाहिजे?"

"मोठी. मोबाईलवर सगळं वाचून ठरवलं होतं. पण तिच्यातून कागद थरथरतोय. म्हादूकाका नीट ताणतच नाहीत!"

सकाळपासून चार खेपा झाल्या होत्या माझ्या. चारही वेळा कागद ढोलकीसारखा ताणलेला.

उस्ताद म्हणाले, "म्हादबा, कागदाशेजारी जाऊन उभे राहा."

दोन्ही दुर्बिणी पिशव्यांवर नुसत्या ठेवलेल्या होत्या. बंदुकीवर चढवलेल्या असत्या तर मी गेलोच नसतो.

उभा राहिलो. डोक्यावर ऊन. उस्तादांचा आवाज परेडचा, तिथवर लख्ख ऐकू येत होता. पोरगंही ओरडूनच बोलत होतं.

"मोठीतून बघ. कागद?"

"हलतोय."

"म्हादबा?"

"…काकाही हलतायत."

"मग त्यांनाही चार टाचण्या मार."

मी तिथूनच ओरडलो, "मला कापरं भरायला अजून अवकाश आहे!"

"आता छोटीतून."

"कागद गप्प. काकाही गप्प."

"गप्प कसले? शिव्या देतायत. आता मोठीतून मागचा डोंगर बघ."

पोरानं दुर्बीण डोंगराकडे वळवली.

"…तोही हलतोय, उस्ताद."

"डोंगर ताणायला कोणाला पाठवू?"

पोरानं दुर्बिणीवरून डोळा काढला. नुसत्या डोळ्यांनी मधली जमीन बघितली. तापून तव्यासारखी झालेली.

"…हवा आहे. तापलेली हवा हलतेय."

"छोटीतून बघितलं की ती थांबते?"

पोरानं दुर्बीण खाली ठेवली. उठलं आणि तडक माझ्याकडे चालत आलं. मला वाटलं, आता पाचव्यांदा ताणायला लावतंय. तर वाकून पाय धरले.

"काका, चुकलो."

घमेंड होती त्याला, खोटं कशाला बोलू? पण पाय धरताना लाजला नाही. मी म्हटलं, "टाचण्या सांडल्यात, त्या वेच आधी." वेचल्या.

आम्ही परत येतो तोवर फाटकाशी मोटरसायकल थांबली. दुकानाचा माणूस.

"उस्ताद, आता तरी सांगा. कोणती ठेवू?"

"जिच्यामुळे चिडलास ती."

छोटी परत गेली.

पोरगं मोठी बंदुकीवर चढवायला लागलं, तेव्हा मी उस्तादांना गाठलं. "हवा आहे हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं ना? मग मला कशाला भाजलंत उन्हात?"

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"तुम्ही हलला नाहीत म्हणून तर त्याला कळलं."

ही काय माफी झाली? पोरानं पाय धरून मागितली. ज्यांनी अजून मागितलेली नाही त्यांचं नाव पुस्तकात पूर्ण छापा, बाई: सुभेदार गणपत रामजी भोईटे.