डोंगरावरून मागितलेली दाद

फार फार जुन्या काळची गोष्ट. डोंगररांगांत वसलेल्या एका राज्यात भागी नावाची बाई राहायची. कड्यांवरची पोळी उतरवून मध काढायचा, हा तिचा व्यवसाय. घरी ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच.

एका चैत्रात भरदुपारी गावची देवराई पेटली आणि बघता बघता जळून खाक झाली. राईच्या पूर्वेच्या टोकाला भागी सापडली. हातात माश्यांना धूर द्यायचा पलिता. आणखी पुरावा कशाला हवा? संतापलेल्या गावाने तिला न्यायाधीशांपुढे उभं केलं.

"महाराज, वारा पश्चिमेचा होता," भागी म्हणाली. "मी पूर्वेला आग लावली असती, तर ती राईत शिरलीच नसती. उलटी माळाकडे गेली असती. तुम्ही एकदा येऊन..."

बाहेर लोक ओरडत होते. न्यायाधीशांनी तिचं बोलणं अर्ध्यावरच तोडलं आणि शिक्षा सुनावली. बारा वर्षं समोरच्या ओसाड डोंगरावर एकटीने राहायचं, आणि कोणीही तिच्याशी बोलायचं नाही.

महिन्यातून एकदा एक म्हातारा पहारेकरी येई, धान्य ठेवी आणि मान खाली घालून निघून जाई. वर्षातला एकच दिवस त्याला तिच्याशी बोलायची आणि तिचं ऐकायची मुभा होती. दोषी ठरलेल्या माणसाला वर्षातून एकदा दाद मागता यावी, असा त्या राज्याचा कायदा होता.

त्या एका दिवसासाठी भागी वर्षभर तयारी करी. आपलं म्हणणं रोज मोठ्याने बोलून बघी. आधी आधी दगडांपुढे बोलायची तिला लाज वाटे. मग भीती वाटू लागली, की आपण थांबलो तर बोलणंच विसरून जाऊ. खाली गाव दिसे, चुलींचा धूर दिसे, विहिरीवर जमलेल्या बाया दिसत. आवाज मात्र एकही वर येत नसे.

पहारेकरी तिची दाद घेऊन जाई. ती ऐकायला बसत ते शिक्षा देणारेच न्यायाधीश.

"ती निर्दोष असेल, तर मग मी चुकलो म्हणायचं का?" ते म्हणत. "दाद नामंजूर."

असं सहा वेळा झालं. चौथ्या वर्षी आई गेली, हे भागीला पाचव्या वर्षी कळलं.

सातव्या वर्षी पहारेकरी तिच्याजवळ बसला. "पोरी, कबूल करून टाक. कबूल करणाऱ्याची उरलेली शिक्षा माफ होते."

भागी बराच वेळ खाली उतरणाऱ्या वाटेकडे बघत राहिली.

"काका, माणसांत यायला जीव तुटतोय माझा," ती म्हणाली. "पण जे केलंच नाही, ते केलं म्हणून कसं सांगू? दरवर्षीचंच सांगा."

त्या वर्षी न्यायाधीश अंथरुणाला खिळले होते. म्हणून दाद गेली पलीकडच्या खोऱ्यातल्या एका न्यायाधीशबाईंकडे. बाई चैत्राची वाट बघत थांबल्या. मग भरदुपारी जळक्या राईच्या पूर्वेच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि ओंजळभर पाचोळ्याचा चुरा त्यांनी वाऱ्यावर सोडला. चुरा माळाकडे उडाला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच.

"पहिला धूर कुठे दिसला होता?" त्यांनी गावकऱ्यांना विचारलं.

"पश्चिमेला," एक म्हातारी म्हणाली. "पण आम्हाला तेव्हा कोणी विचारलंच नाही."

भागी निर्दोष सुटली. आग कोणी लावली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जुने न्यायाधीश बरे झाल्यावर काठी टेकत तिच्या दारी आले. "एवढी साधी गोष्ट होती, बाई! मला का नाही सांगितलीस?"

"सात वेळा सांगितली, महाराज."

न्यायाधीशांनी त्याच दिवशी पद सोडलं. पुढे राजाने हुकूम काढला, की शिक्षा देणाऱ्यानेच त्या शिक्षेविरुद्धची दाद ऐकायची नाही. कित्येक निरपराध त्यामुळे वाचले. भागीच्या घरी मात्र तिची वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. गावकरी ओशाळून येत, बोलायचा प्रयत्न करत. ती दोन शब्द बोले आणि थकून जाई.

तात्पर्य: आपला निवाडा पुन्हा तपासायला जो घाबरतो, त्याच्या भीतीची शिक्षा दुसऱ्यालाच भोगावी लागते.