सातवा नारळ

एकदा एका ओढ्याने एका नगरपालिकेला कोड्यात टाकले. ओढा तसा साधा, उन्हाळ्यात घोटाभरही नसणारा; पण दर पावसाळ्यात तो आपला काठ थोडा थोडा खाई, आणि काठावरून जाणारा रस्ता त्याच्यामागोमाग खचे. अखेर पालिकेने ठरवले की आधी ओढ्याचा तळ आणि काठ पक्का करावा व मग रस्ता दुरुस्त करावा. तारेच्या जाळीचे मोठे पिंजरे करायचे, त्यांत दगड भरायचे आणि ते काठाला लावून एकावर एक रचायचे, असा बेत होता. काम एका तरुण अभियंत्याकडे आले. स्वतंत्रपणे हाती घेतलेले त्याचे हे पहिलेच काम.

बाजाराच्या टोकाकडून सुरुवात झाली आणि काम उत्तम चालले. अभियंता हुशार होता, प्रामाणिक होता, आणि त्याला एकच खोड होती. समोरच्या माणसाचे तोंड उतरलेले त्याला पाहवत नसे. भांड्यांचे एक व्यापारी आले आणि म्हणाले, एवीतेवी दगड आलेच आहेत तर आमच्या दुकानापुढे तीन पायऱ्या होऊन जाऊ द्या. झाल्या. वाचनालयाच्या चिटणीसांना वाचकांसाठी कट्टा हवा होता, तोही झाला. नगरसेवकांना आपल्या नावाची कोनशिला बसवण्यापुरता एक चौथरा हवा होता, आणि तो त्यांनी इतक्या संकोचाने मागितला की नकार देणे क्रूरपणाचे झाले असते. देवळाचे विश्वस्त आले, तालमीची मंडळी आली, फुलझाडांची हौस असलेल्या एक निवृत्त बाई आल्या. 'एवीतेवी' हा शब्द आमच्याकडे फार गोड आवाजात उच्चारला जातो. मागण्यांत वाईट एकही नव्हती. फक्त खर्च अंदाजपत्रक ओलांडून पुढे निघून गेला होता, आणि हे अभियंत्याच्या ध्यानात आले तेव्हा ओढ्याचे शेवटचे वळण बांधायचे राहिले होते.

नेमके ते वळणच महत्त्वाचे होते. पाणी सर्वांत जोराने तिथेच आदळे, आणि वरच्या अंगाला टोपल्या विणणाऱ्यांची सात घरे होती. पावसाला महिना उरला होता. वळणाला लागणारी जाळी गोदामात येऊन पडली होती. पण दगडाला आणि मजुरीला पैसा नव्हता. मुख्याधिकाऱ्यांनी वाढीव खर्चाला साफ नकार दिला आणि 'वळणाचे काम पुढील वर्षी' असा शेरा मारला. पुढील वर्षी ती घरे जागेवर असतील की नाही, याविषयी शेऱ्यात काही म्हटले नव्हते. अभियंत्याला अन्न गोड लागेना.

त्याचे एक गुरू होते. त्याच पालिकेतून निवृत्त झालेले वृद्ध मिस्त्री. सारे गाव त्यांना तात्या म्हणे. अभियंता शिकाऊ असताना ओळंबा धरायला त्यांच्याच हाताखाली शिकला होता. सगळे कागद घेऊन तो त्यांच्याकडे गेला, घडले ते सांगितले, आणि बोलणी खाण्याच्या तयारीने मान खाली घालून बसला. तात्यांनी कागद उघडलेही नाहीत. मूळ बेताबाहेरची कामे किती आणि ती कोणी मागितली, एवढेच विचारले. कामे सहा होती.

"उद्या सकाळी सात नारळ घेऊन ये," तात्या म्हणाले. "हलगीवाल्याला मी सांगतो."

"नारळ कशाला, तात्या?"

"सत्कार करायचेत."

अभियंत्याला क्षणभर वाटले की वयाचा परिणाम झाला असावा. खर्च हाताबाहेर गेला म्हणून रडायला यावे आणि वर हलगी वाजवायला सांगावी, ही कोणती रीत? पण तात्यांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने स्वतःच्या पैशांनी सात नारळ आणले.

सत्कार म्हटल्यावर सहाही जण वेळेआधी हजर झाले. हलगी कडाडली. तात्यांनी भांड्यांच्या दुकानापुढे उभे राहून खणखणीत आवाजात सांगितले की या पायऱ्या शेठजींच्या शब्दामुळे झाल्या, आणि शेठजींच्या हाती नारळ दिला. टाळ्या पडल्या. शेठजींनी गावाच्या सौंदर्याविषयी चार वाक्ये बोलून घेतली. मग मंडळी वाचनालयाकडे निघाली, तिथून देवळाकडे. प्रत्येक ठिकाणी ज्याचे काम त्याला मान, एक नारळ आणि हलगीची एक फेरी. नगरसेवकांनी चौथऱ्याजवळ दोनदा हात जोडले. निवृत्त बाई तर चक्क लाजल्या. दुकाने सोडून लोक मागे चालू लागले आणि बघता बघता मिरवणूकच झाली. अभियंता मात्र सर्वांच्या मागे, तोंड लपवण्याच्या बेताने चालला होता.

अशी ती मिरवणूक वळणापाशी आली. तिथे बांधलेला काठ एकदम संपत होता आणि पुढे नुसती उघडी माती होती. हलगी थांबली. तात्यांनी सातवा नारळ हातात घेतला आणि विचारले, "इथला मान कोणाचा? हे काम कोणी मागितलं?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पहिल्याच घराच्या अंगणात एक म्हातारी अर्धी विणलेली टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटले, प्रश्न आपल्यालाच आहे.

"आमी काय मागावं, तात्या?" ती म्हणाली. "सायबांनी दोरी लावून खुणा केल्या व्हत्या. भित येनारच म्हनल्यावर वेगळं काय मागायचं?"

शेठजी हातातल्या नारळाकडे पाहत राहिले. ते व्यापारी होते; आपल्याकडे आलेली वस्तू कोणाच्या वाट्याची, हे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळले. त्यांनी मागे वळून अभियंत्याला हाक मारली.

"साहेब, माझ्या पायऱ्यांत दगड किती असेल?"

"दीडएक पिंजरा भरेल, शेठ."

"मग काढा. तीस वर्षं गिऱ्हाईक पायऱ्यांशिवायच चढतंय."

एकाने वाट मोकळी केल्यावर बाकीच्यांना मागे राहणे अवघड झाले. चिटणीसांनी कट्टा दिला. तालमीच्या मंडळींनी आपला दगड तर दिलाच, वर अंगमेहनतही कबूल केली. नगरसेवकांनी दीर्घ सुस्कारा सोडला, पण चौथऱ्यावर पहिली पहार त्यांनी स्वतःच घातली आणि तेवढ्यात तिचा फोटोही काढून घेतला. सात घरांतून होत्या नव्हत्या तेवढ्या टोपल्या बाहेर आल्या. ज्या रस्त्याने मिरवणूक आली त्याच रस्त्याने आता दगड येऊ लागले, आणि हलगीवाला बिदागी घेऊन घरी जायचे विसरून वाजवत राहिला.

त्या गडबडीत अभियंत्याने तात्यांना बाजूला गाठले आणि म्हणाला की तुम्ही कोणालाच दोष दिला नाहीत, मलासुद्धा नाही.

"मागणाऱ्याला कसला दोष? मागणं हा माणसाचा स्वभावच आहे," तात्या म्हणाले. "पण पायऱ्या मागायला शेठ आले, कट्टा मागायला चिटणीस आले. वळण मागायला कोणी आलं नाही, कारण ते आपल्याला मिळालंच आहे असं त्या घरांनी धरलं होतं. तू हो म्हणालास ते सगळे तुझ्यासमोर उभे होते. जिच्या ताटातलं काढून त्यांना वाढलंस ती म्हातारी तुला दिसत नव्हती. जो आलेला नाही त्याच्या वतीनं तिथं उभं राहायला तुला नेमलंय, बाळा. इथला मान तुझा होता."

आणि त्यांनी सातवा नारळ त्याच्या हातात ठेवला. अभियंत्याला फार लाज वाटली, आणि त्याच वेळी किती तरी दिवसांनी मोकळेही वाटले. त्याने तो नारळ वळणावर फोडला, खोबरे सर्वांना वाटले आणि कामाला हात घातला.

आठ दिवसांत पिंजरे वळणभर उभे राहिले. शेवटच्या दिवशी तात्या काठी टेकत काम पाहायला आले. थोडा वेळ उभे राहिले आणि मग ढिगातल्या एका सपाट दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा इथं सावलीत टाक की. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना टेकायला होईल. माझे गुडघे हल्ली फार धरतात."

अभियंत्याने दगडाकडे पाहिले. अजून वरून उघड्या असलेल्या शेवटच्या पिंजऱ्याकडे पाहिले. मग तात्यांच्या गुडघ्यांकडेही पाहिले, आणि त्याचा जीव कासावीस झाला.

"तात्या, आधी पिंजरा भरू दे," तो म्हणाला. "उरला तर ठेवतो."

दगड उरला नाही. जाळीचे तोंड तारेने शिवून होईपर्यंत तात्या तसेच उन्हात उभे होते. त्या संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावून घेताना ते एकटेच हसत होते. सुनेने विचारले, एवढे कसले हसू येते आहे?

"आमच्या पोरानं आज मला नाही म्हटलं," तात्या म्हणाले.