मधलं पान

"पण गादी कुणाला देणार, बुवा?"

चिंधीबुवा शाळूत खुरपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात या गोसाव्याचा मठ. बुवांचं शरीर थकलं होतं. आपल्यामागं गादीवर कोण बसणार, ते येत्या सोमवारी सांगायचं त्यांनी कबूल केलं होतं. विचारणारा हैबती म्हणजे त्यांचा सगळ्यात हुशार चेला, आणि ते त्याला स्वतःलाही पुरतं ठाऊक.

मठाची रीत अशी, की सांजेला गावकरी काही विचारायला आले की ज्याच्या हाती चिमटा त्यानं बोलायचं, आणि बोलून झालं की चिमटा शेजारच्याला द्यायचा. दोन वर्षं झाली, हैबतीच्या हातून चिमटा सुटला नव्हता. आता रानातसुद्धा घेऊनच आला होता.

"तूच सांग. कुणाला देऊ?"

"रेवण कालचा. दीक्षा घेऊन महिना नाही झाला. धोंडप्पा बसल्या जागी पेंगतो."

"आणि शिदू?"

"शिदू बरा आहे. पण त्याला बोलताच येत नाही."

"का रे येत नसेल?"

"आता मला काय माहीत!"

बुवा कंबर धरून उठले. शाळू छातीला लागत होता, कणीस अजून बाहेर पडायचं होतं.

"या ताटाला कोणतं पान पोसतं, हैबत्या?"

"शेंड्याचं. कोवळं. ऊन आधी त्यालाच."

बुवांनी शेंड्याची सुरळी बोटांत धरली. "हे अजून उलगडलंसुद्धा नाही. हेच दुसऱ्याचं खातंय."

"मग बुडातलं."

"ते पिवळं पडलं बघ. होतं नव्हतं ते वर देऊन बसलंय."

"मग मधलं! भरल्या वयाचं, रुंद, हिरवंगार." हैबती हसला. "म्हणजे मीच की, बुवा!"

"तूच."

हैबतीची छाती हातभर फुगली.

"चिमटा ठेव खाली," बुवा म्हणाले. "आता हात पसर. आडवे. पानासारखे."

त्यानं ताटांवर हात पसरले. ऊन डोक्यावर आलेलं.

"ऊन लागतंय?"

"भरपूर."

"खाली बघ."

खाली सगळी सावली होती.

बुवांनी त्याची मनगटं धरली आणि हात हळूहळू वर उचलले, पार आभाळाकडे.

"आता?"

"आता कमी लागतंय."

"खाली बघ म्हटलं, लेका."

हैबतीनं बघितलं. सावली रेघेएवढी उरली होती. गुडघ्याच्या उंचीवर एक पान होतं, चांगलं धडधाकट, हिरवं. त्यावर ऊन येऊन बसलं होतं. इतका वेळ ते त्याला दिसलंच नव्हतं.

...

बांधावरून शिदू घागर घेऊन चालला होता. बुवांनी त्याला हाक मारली, मातीतला चिमटा उचलून त्याच्या हातात दिला, आणि पुन्हा खुरपायला बसले.

शिदू एकदा चिमट्याकडं बघे, एकदा हैबतीकडं.

हैबतीचे हात भरून आले. खाली घ्यावेत, असं दोनदा वाटलं. गादीचं विचारायला त्यानं तोंड उघडलं... आणि विचारलं भलतंच.

"बुवा... किती वेळ असे धरू?"

"कणीस भरेपर्यंत."