उंबू म्हणजे कोण?

"उंबू म्हणजे मुका?" राजा धुंडिराज सिंहासनावरून ताडकन उठला. "नदीपलीकडचे लोहाटी आपल्या अख्ख्या नांदरगडला मुके म्हणतात? उद्याच स्वारी! नाहीतर अशी एक भाषा शोधून द्या, जिच्यात 'मुका' हा मानाचा शब्द आहे!"

राजपंडितांनी पोथ्या उपसल्या. हाती लागली ती नुसती धूळ! इकडे शिपायांनी स्वारीसाठी घाटावरच्या होड्या जप्त केल्या. त्यात होडीवाल्या हौसाचीही होडी गेली. तिची लेक पलीकडे लोहाटात दिलेली, दिवस भरत आलेले. पदर खोचून ती थेट दरबारात शिरली.

"महाराज, मला दोन्ही काठांची बोली येते. आपली माणसं पहिल्यांदा पलीकडे गेली, तेव्हा त्यांना तिथलं एक अक्षर कळेना. बसली गप्प! म्हणून ती उंबू. आणि आपण त्यांना काय म्हणतो?"

"बडबडे!" राजा बोलून गेला.

"ते धडच बोलत होते. आपल्याला कळलं नाही, एवढंच!"

"ते राहू दे. भाषा सापडली का?"

"सापडली की! आई लेकराला म्हणते, 'एक मुका दे रे!'"

पडद्याआड राणीसाहेब फिसकन हसल्या. राजाचे कान लाल झाले. "माझ्याशी शब्दांचे खेळ? मुका म्हणजे तोंडातून शब्द न काढणारा! त्याला कुठल्या भाषेत मान आहे?"

लेकीचा चेहरा हौसाच्या डोळ्यांपुढून हलेना. "दरबारी भाषेत, महाराज!"

"म्हणजे?"

"ही सरदार मंडळी बघा. एका शब्दापायी तुम्ही लढाईला निघालात, हा शुद्ध खुळेपणा आहे, हे एकूण एकाला कळतंय. कुणी तोंड उघडलं? इथं जो मुका, त्यालाच मानाची पगडी!"

राजा वळला. "प्रधानजी, खरं आहे हे?"

प्रधानांनी तोंड उघडलं, मिटलं आणि लवून मुजरा केला.

राजा एवढा हसला, की मुकुट तिरका झाला! "स्वारी रद्द! होड्या सोडा! आणि या बाईला सरदारकी द्या!"

"सरदारकी नको, महाराज. गप्प बसायला जमायचं नाही मला!"

राजा डोळे पुसत पुन्हा हसला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं तिच्या हातात ठेवलं. "मग हे घे, आणि बोलत राहा!"